लेव्हल ५॥

गेल्या महिन्यात महालक्ष्मीने सांगलीला चालले होते. साइड अपर बर्थ, झोपेचा पत्ता नाही, आणि पर्समध्ये अण्णांसाठी भरून आणलेला प्लेअर. माझाच जुना सॅन्सा क्लिप प्लस, काडेपेटीएवढा, मेमरी कार्ड घातलं की घरातलं सगळं गाणं मावतं त्यात, आणि मुख्य म्हणजे बटणं खरी आहेत, दाबली की बोटाला कळतं. अण्णांना फोनवर गाणी लावता येत नाहीत असं नाही, पण हल्ली बोटं इतकी कोरडी पडलीत की स्क्रीन त्यांचं बोट ओळखतच नाही, तीन-तीन वेळा दाबतात आणि मग फोन उलटा करून ठेवून देतात. म्हणून म्हटलं हा द्यावा. पुणं सोडल्यावर सगळे दिवे गेले, मी इअरफोन घातले आणि शफल लावलं, सहज, सगळं नीट वाजतंय का बघायला. एका जुन्या एलपीवरून अण्णांनी कॅसेटवर उतरवलेला आणि मी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलेला विलंबित ख्याल लागला. गाडीचा खडखडाट इतका की तानपुरा ऐकूच येईना, मग वाढवत वाढवत व्हॉल्यूम जवळजवळ शेवटपर्यंत नेला, आणि त्या सतरा मिनिटांत कुठेतरी डोळा लागला असणार. तो ख्याल संपला आणि पुढचं लागलं ते भाचीने कार्डावर टाकलेलं लग्नात नाचायचं गाणं. कानात कुणी परात आपटावी तसं झालं. मी इअरफोन ओढून काढले तरी ते छातीवर पडल्या-पडल्या इतके वाजत होते की खालच्या बर्थवरचे काका उठून बसले. सातारा गेलं, कऱ्हाड आलं, तरी डावा कान गुणगुणत होता.

हे अण्णांच्या कानात झालं असतं तर?

सांगलीला उतरेपर्यंत तोच एक विचार. खरं तर ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, वेगवेगळ्या काळातली गाणी एकत्र केली की अंगठा कायम व्हॉल्यूमवर ठेवावा लागतो, एक गाणं भिंतीपलीकडून आल्यासारखं आणि पुढचं डोक्यावर बसल्यासारखं. सवय झालेली असते म्हणून आपण तक्रार करत नाही. पण घरी पोचून चहा झाल्यावर मी लॅपटॉप काढला आणि सगळं कार्ड रिप्लेगेनसाठी स्कॅनला लावलं. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली पद्धत आहे आणि तिची कल्पना मला फार आवडते, कारण ती गाण्याला हातच लावत नाही. प्रोग्राम प्रत्येक फाइल पूर्ण ऐकतो, माणसाच्या कानाला ती किती मोठी वाटेल याचा हिशोब करतो, आणि फाइलच्या टॅगमध्ये फक्त आकडा लिहून ठेवतो, हे गाणं इतके डेसिबल कमी वाजव, हे इतके जास्त. कमी-जास्त करायचं काम वाजवताना प्लेअरने करायचं. गाणं आहे तसंच राहतं, आकडा पुसला की परत मूळ रूपात. मी त्या प्लेअरमध्ये मूळच्याऐवजी रॉकबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे, त्याला हे आकडे वाचता येतात. स्कॅन संपल्यावर बघितलं तर भाचीच्या गाण्यासमोर उणे ९.७ आणि विलंबित ख्यालासमोर अधिक ५.३. पंधरा डेसिबलचा फरक. दहा डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, म्हणजे माझ्या डाव्या कानाने उगाच कांगावा केला नव्हता.

आकडे बघताना एकदम कॅसेटच्या कार्डांची आठवण झाली.

आमच्याकडे एक कॅसेट डेक होता, पुढे दोन काटे, मागून पिवळा उजेड, आणि रेकॉर्डिंग लेव्हलचं जाड अ‍ॅल्युमिनियमचं बटण, शून्य ते दहा आकडे असलेलं. अण्णा मिरजेच्या एका स्नेह्यांकडून शनिवारी एलपी आणायचे आणि रविवारी संध्याकाळी परत द्यायचे, ते पण स्वतः सायकलवरून, छातीशी धरून. आणल्यावर लगेच रेकॉर्ड करायचे नाहीत. आधी अख्खी बाजू नुसती ऐकायची, हातात पेन्सिल, डोळे काट्यावर. काटा लाल पट्ट्यात कुठे जातो ते बघायचं. जोरकस तान आली, काटा उडाला की बटण किंचित खाली, पुन्हा पुढे. अख्ख्या तबकडीतली सगळ्यात मोठी जागा कुठली हे सापडलं की बटण कुठे ठेवायचं ते ठरायचं, मग कॅसेट घालून पहिल्यापासून रेकॉर्डिंग. आणि एकदा ते सुरू झालं की बटणाला कुणी हात लावायचा नाही. मग सुरुवातीला गायक मंद्रात कितीही हळू गाऊ दे, काटा नुसता थरथरू दे. कॅसेटच्या कार्डावर रागाच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'लेव्हल ५॥'. ते साडेपाच असेच लिहायचे, आकड्यापुढे दोन दंड देऊन, बाजारातल्या जुन्या वह्यांसारखे. कपाटात दोनशेच्या वर कॅसेटी होत्या आणि प्रत्येकीवर हा आकडा. लहानपणी मला वाटायचं हा रागाचाच काहीतरी भाग आहे, मालकंस ५॥, पूरिया ६.

शेजाऱ्यांकडे टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. त्याच्यात लेव्हलचं बटणच नव्हतं, मशीन आपलं आपण ठरवायचं, आवाज लहान झाला की वाढवायचं, मोठा झाला की दाबायचं. अण्णा त्याच्यावर केलेलं रेकॉर्डिंग दोन मिनिटांवर ऐकू शकायचे नाहीत. मी एकदा विचारलं का, तर मला जवळ बसवून त्यांनी ऐकवलं. गायक समेवर येऊन थांबला, आणि त्या थांबण्यात खालून खरखर हळूहळू वर आली, तानपुरा फुगत गेला, अगदी भरून आला, आणि गायकाने पुन्हा तोंड उघडल्या-उघडल्या सगळं दचकल्यासारखं खाली बसलं. "बघ," म्हणाले, "गाणारा थांबला की मशीन श्वास घेतंय." त्यानंतर मला ते कायम ऐकू यायला लागलं, आता इतक्या वर्षांनी पण एखाद्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास आला की मी ओळखते.

विलंबित आणि द्रुत यांच्यातला फरक हा फक्त लयीचा नसतो ना. विलंबिताची सुरुवात होते तेव्हा गाणारा अजून स्वतःशीच असतो, आपण पुढे वाकून ऐकतो, हॉलमध्ये कुणी खोकलं तरी राग येतो. अर्ध्या तासाने द्रुत सुरू होतो तेव्हा तबला खुलतो, पेटी अंगावर येते, आपण मागे रेलतो. आता कॉम्प्युटरने प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा मोजला तर तो म्हणणार विलंबित लहान आहे, उचला, द्रुत मोठा आहे, बसवा. दोन्ही एकाच उंचीचे. म्हणून रिप्लेगेनमध्ये दोन आकडे असतात, एक त्या ट्रॅकचा, एक अख्ख्या अल्बमचा. अल्बमचा आकडा सगळ्या ट्रॅकना सारखाच लागतो, म्हणजे ही तबकडी आणि ती तबकडी एका पातळीवर येतात पण तबकडीच्या आतलं लहान-मोठं जिथल्या तिथे राहतं. त्या एलपीच्या विलंबिताचा स्वतःचा आकडा अधिक ५.३, द्रुताचा अधिक १.९, आणि अल्बमचा दोघांना मिळून अधिक २.४. तो २.४ बघून मी लॅपटॉप तसाच ठेवून आत गेले आणि कपाटातून ती कॅसेट काढली. अण्णांनी रविवार-रविवार बसून पेन्सिलीने हेच काढलं होतं. त्यांनी मोठ्यात मोठी जागा धरली होती, प्रोग्राम सरासरी मोठेपणा धरतो, एवढाच फरक. पूर्ण ऐकल्याशिवाय ठरवायचं नाही, आणि एकदा ठरलं की मध्ये हलवायचं नाही, हे तेच.

मग नवीन गाण्यांना उणे नऊ, उणे दहा का येतं याचं पण मला वाईट वाटतं. सीडीला एक छत आहे, त्याच्यावर आवाज जाऊच शकत नाही. सोळा बिटांमध्ये सगळ्यात हळूपासून त्या छतापर्यंत ९६ डेसिबलची जागा, कॅसेटला एवढी जागा स्वप्नात पण मिळाली नसती, आणि आपण काय केलं, सगळं गाणं उचलून छताला चिकटवलं. का, तर दोन गाणी लागोपाठ ऐकवली की जरा मोठं असलेलं पटकन बरं वाटतं. मग प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठं व्हायचं. शिखरं कापायची, दऱ्या भरायच्या आणि जे सपाट पठार उरेल ते वर ढकलायचं. २००८ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडच्या अल्बमच्या वेळी तर त्यांच्या चाहत्यांनीच ओरड केली, कारण तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजत होती. आता स्ट्रीमिंगवाले स्वतःच सगळ्यांना एका पातळीला आणतात, स्पॉटिफाय त्या छतापासून मोजून उणे १४ ला, युरोपातल्या टीव्ही-रेडिओसाठी तर २०१० पासून उणे २३ ठरलेलं आहे, त्यामुळे ओरडून मिळणारा फायदा संपला. पण जी पठारं करून झाली ती झाली. त्यांचा व्हॉल्यूम कमी करता येतो, त्यांच्या दऱ्या परत खोदता येत नाहीत.

याच्या अगदी उलट टोक मिरजेत आहे. अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले ते गाव, आणि त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आमच्या घरात देवासारख्या. १९२५ च्या आधी मायक्रोफोनवरचं रेकॉर्डिंग जवळजवळ नव्हतंच, गाणाऱ्याने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्या कंपनाने सुई मेणावर रेघ ओढायची. हळू गायलं तर रेघ उमटायची नाही, जास्त जोर लावला तर सुई उडायची. म्हणून गाणारी माणसं जागा मोठी असली की मान मागे घ्यायची, नाजूक असली की कर्ण्याजवळ जायची. पुढे काय येणार आहे हे त्यांना माहीत असायचं, म्हणून आधीच मागे सरायची. लेव्हलचं बटण तेव्हा मानेत होतं.

आता त्या एका कॅसेटबद्दल.

शनिवारी रात्री रेडिओवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा आणि तो अण्णा थेट रेकॉर्ड करायचे. थेट असल्यामुळे आधी ऐकून बघायची सोयच नाही, निवेदिकेच्या आवाजावर अंदाज बांधायचा आणि बटण सोडून द्यायचं. त्या रात्री बागेश्री होता. मी आठ वर्षांची. कुणीतरी दार वाजवलं म्हणून अण्णा बाहेर गेले आणि मी डेकसमोर एकटी. काटा हलतच नव्हता. मंद्रात काहीतरी चाललेलं, इतकं हळू, आणि मला मनापासून वाटलं हे रेकॉर्डच होत नाहीये, अण्णा परत येतील आणि सगळी कॅसेट कोरी निघेल. म्हणून मी बटण फिरवलं. काटा छान उठला, मध्यापर्यंत आला, मला इतकं बरं वाटलं. अण्णा आत आले, त्यांनी काटा बघितला, बटण बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अण्णा, ऐकू येत नव्हतं." ओरडले नाहीत. मी बटण परत मागे न्यायला हात पुढे केला तर तो धरला आणि म्हणाले, "राहू दे आता. परत हलवलंस तर दोनदा खोटं होईल." मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. द्रुत सुरू झाला आणि काटा लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन तिथेच आपटत राहिला, तानांच्या कडा फाटत होत्या, मला कळत होतं आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते. कॅसेटच्या कार्डावर लिहिलंय, 'बागेश्री. लेव्हल ५. काउंटर २१४ पासून ७.' कुणी केलं ते लिहिलेलं नाही.

कॉम्प्युटरवर घेतल्यावर ती जागा चौदा मिनिटं आठ सेकंदांना येते. आलेखात बघितलं तर पायरीच दिसते, आधी बारीक दोरी आणि मग एकदम दोरखंड. रिप्लेगेन इथे काही करू शकत नाही, त्याला अख्ख्या फाइलचा एकच आकडा ठाऊक. मी ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्राममध्ये नंतरचा सगळा भाग निवडून खाली आणू शकले असते, पाच मिनिटांचं काम, दोनदा निवडला पण. सेव्ह केलं नाही. फाटलेल्या ताना लहान केल्या तरी फाटलेल्याच राहणार, आणि तो हात धरलेला आठवत होता.

अण्णांना गेली तीन वर्षं श्रवणयंत्र आहे. त्यातला त्रास मला पहिल्यांदा नीट कळला तो त्यांनी टीव्हीवरचं गाणं अर्ध्यात बंद केलं तेव्हा. म्हणाले, "शेजारचा टू-इन-वन कानात बसवलाय माझ्या." आणि खरंच तसंच आहे ते. श्रवणयंत्र बोलणं कळावं म्हणून केलेलं, हळू आवाज जास्त उचलतं, मोठा आवाज कमी उचलतं. आईची हाक, कुकरची शिट्टी, दाराची बेल सगळं कळायला लागलं त्यामुळे, उपकारच आहेत. पण गाण्यात गायक थांबला की तानपुरा फुगतो. ऑडिओलॉजिस्ट बाई समजूतदार होत्या, त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, दाबणं कमी असलेला, बरंच बरं झालं. तरी अण्णांना गाणं ऐकायचं असलं की ते यंत्र काढून डबीत ठेवतात आणि मोठे हेडफोन घालतात.

इथे माझी गाडी अडली. मी जे इतकं तत्त्वाने बोलतेय, अल्बमच्या आतलं काही हलवायचं नाही वगैरे, ते माझ्या कानांचं तत्त्व आहे. वयाने कान जातात तेव्हा नुसतं कमी ऐकू येतं असं नसतं, खालून जागा जाते पण वरून वाढत नाही, हळू आवाज येतच नाहीत आणि मोठे मात्र पूर्वीइतकेच अंगावर येतात, कधी कधी जास्तच. मधली पट्टी अरुंद होत जाते. अण्णांना विलंबिताची सुरुवात ऐकू यावी इतका व्हॉल्यूम ठेवला तर द्रुत त्यांना सहन होणार नाही. त्यांच्यासाठी ट्रॅक गेनच बरं, दोन्ही एका उंचीला आणलेलं, त्यांच्या पट्टीत मावणारं. रॉकबॉक्समध्ये ते सेटिंग बदलायला दोन सेकंद लागतात. मी बदललं. मग परत अल्बमवर आणलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी मी बाहेर जाऊन अण्णांनाच विचारलं, सगळं समजावून सांगितलं, जरा ओरडूनच, यंत्र डबीत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तबकडी तबकडीचं सारखं कर. आतलं माझं मी बघतो."

म्हणून अल्बम गेन ठेवलं आणि प्लेअर त्यांच्या हातात दिला. भाचीची गाणी वेगळ्या फोल्डरला हलवली. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसले, हेडफोन, डोळे मिटलेले, प्लेअर उजव्या मुठीत आणि अंगठा बाजूच्या व्हॉल्यूमच्या बटणावर. मी शेजारी शेंगा निवडत बसले होते. छोट्या स्क्रीनवर 'बागेश्री' वाचलं आणि माझं लक्ष शेंगांतून गेलं. त्यांनी आवाज इतका वाढवलेला की बाहेरपर्यंत झिरपत होता, ठेका मोजता येत होता. जन्मभर ज्यांनी गाणं चालू असताना बटणाला हात लावू दिला नाही ते आता दर दोन मिनिटांनी अंगठा हलवत होते, मंद्रात गेलं की एकदा वर, तार षड्जाकडे निघालं की एकदा खाली. तिकडे पोचायच्या आधीच. मी सेकंद बघत होते. तेरा-पन्नास. चौदा-शून्य. चौदा-तीनला त्यांचा अंगठा खाली वळला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, डोळे मिटलेलेच. बाहेर येणारा तबला बारीक झाला, जवळजवळ नाहीसा झाला, आणि पाचव्या सेकंदाला पुन्हा होता तेवढाच झाला.